पिकअपच्या मागची हवा

श्रोतेहो, नमस्कार.

मोकळी पिकअप लांबच्या रस्त्याला लागली की मागचा फाळका पाडून ठेवायचा, हवा आरपार निघून जाते आणि ॲव्हरेज वाढतं, हा सल्ला तुमच्या कानावर आलाच असेल. ऐकायला तो पटतोही. उभा फाळका म्हणजे वाऱ्याच्या आड आलेली भिंत, ती पाडली की अडथळा गेला! पण केबिनच्या टपावरून येणारी हवा हौद्यात सरळ उतरतच नाही. फाळका लावलेला असला की हौद्यात हवेचा एक मोठा, संथ भोवरा फिरत राहतो आणि वरचा प्रवाह त्याच्या पाठीवरून सरकत फाळक्याच्या पलीकडे जातो. फाळका पाडला की हा भोवरा विस्कटतो. बहुतेक गाड्यांमध्ये वाऱ्याचा विरोध त्यामुळे कमी होत नाही, उलट थोडा वाढतोच. म्हणून पहिली विनंती हीच, की फाळका लावून गाडी चालवा.

आता हा विरोध असतो तरी किती, ते बघू. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो आणि तो कापायला इंजिनाला आठपट ताकद लावावी लागते. मध्यम आकाराची पिकअप ताशी १०० किलोमीटरनं धावत असेल, तर निव्वळ हवा बाजूला सारण्यात ढोबळ हिशेबानं वीस-बावीस अश्वशक्ती खर्च होते. वेग ८० वर आणला की हीच गरज जवळपास निम्मी होते. घरच्या घरी करण्याजोगा याहून स्वस्त बदल नाही. शहरातल्या गर्दीत, तीस-चाळीसच्या वेगानं दिवसभर थांबत-निघत चालणाऱ्या गाडीला मात्र आजच्या बोलण्याचा फारसा उपयोग होणार नाही. तिथे इंधन जातं ते पुन्हा पुन्हा वेग घेण्यात आणि ब्रेक मारण्यात.

पण ज्यांची गाडी रोज हमरस्त्यावर धावते, त्यांनी खरं लक्ष द्यायचं ते गाडीच्या मागच्या बाजूकडे. आपली समजूत अशी असते, की गाडी तोंडानं हवा कापते, तेव्हा तोंड टोकदार हवं. तोंडाच्या कडा गोल असल्या म्हणजे तेवढ्यानं पुष्कळ भागतं. १९७०च्या दशकात, तेलटंचाईच्या दिवसांत, नासाच्या कॅलिफोर्नियातल्या केंद्रात अभियंत्यांनी एका व्हॅनला चारी बाजूंनी ॲल्युमिनियमचे सपाट पत्रे ठोकून तिचं अगदी चौकोनी खोकं केलं होतं. नंतर पुढच्या कडा गोल केल्यावर हवेचा विरोध निम्म्याहून जास्त उतरला. आजच्या गाड्यांच्या पुढच्या कडा कारखान्यातूनच गोल येतात, म्हणजे ते काम आधीच झालेलं असतं. उरते ती पाठ. केबिनचा टप मागच्या काचेपाशी संपतो तिथे हवेला एकदम खाली वळता येत नाही. ती पृष्ठभाग सोडते, मागे कमी दाबाची पोकळी तयार होते आणि ती पोकळी गाडीला सतत मागे ओढत राहते. इंधनाचा मोठा वाटा या ओढीत जातो.

यावर सोपा उपाय म्हणजे हौद्यावर ताणून बसवलेलं सपाट झाकण. ताडपत्री असली तरी चालेल, पण ती ढोलकीसारखी ताणलेली हवी. फडफडणारी ताडपत्री मिळवलेलं सगळं घालवते. अशा झाकणानं फायदा होतो, पण थोडाच. मोठा फायदा हवा असेल तर टपापासून मागे उतरत जाणारं तिरकं छप्पर बांधावं लागतं, आणि त्यात सगळं गणित उताराच्या कोनाचं आहे. १९८४ साली एस. आर. अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाडीसारख्या एका साध्या ठोकळ्याची पाठ वेगवेगळ्या कोनांत तिरकी करून मोजमाप केलं. साडेबारा अंशांच्या आसपास विरोध सगळ्यात कमी आला. पुढे तो चढत गेला आणि तीस अंशांजवळ सरळ उभ्या पाठीपेक्षाही वाईट झाला. चुकीचा उतार हा उतार नसण्यापेक्षा महाग पडतो, तो असा.

आता हे आपल्या हौद्यावर लावून बघा. समजा हौदा १.८ मीटर लांब आहे आणि टप फाळक्याच्या वरच्या कडेपेक्षा ६० सेंटिमीटर उंच आहे. टपापासून थेट फाळक्यापर्यंत पट्टी टेकवली तर कोन अठरा अंशांच्या वर जातो. हा फार झाला. बारा अंश ठेवायचे तर १.८ मीटरमध्ये छप्पर फक्त ३८ सेंटिमीटर उतरतं, म्हणजे मागचं टोक फाळक्याच्या २२ सेंटिमीटर वरच राहतं. तसंच राहू द्या. तिथे उभी पाटी लावून छप्पर तिथेच संपवा. नजरेला ते अर्धवट वाटतं, पण जर्मन अभियंता वुनिबाल्ड काम याने १९३०च्या दशकात दाखवून दिलं, की लांब निमुळती शेपटी मध्येच सरळ कापली तरी तिचा बराचसा फायदा हातात राहतो. कापलेली कड मात्र धारदार ठेवा. पुढच्या कडा गोल आणि मागच्या तीक्ष्ण, म्हणजे हवा कुठे सुटणार हे ठरलेलं राहतं. टपाजवळ सुरुवात जवळजवळ सपाट करा, उतार हळूहळू वाढवा. प्लायवूडच्या कमानी, त्यावर पातळ ॲल्युमिनियमचा किंवा पन्हळी प्लास्टिकचा पत्रा, एवढ्यावर काम होतं. टप आणि छप्पर यांच्यातली फट रबरी पट्टीनं बंद करायला विसरू नका.

छप्पर बसलं, आता हवा त्याला चिकटून वाहते की नाही हे कसं कळणार? लोकरीचे बोटभर-वीतभर लांबीचे धागे कापा. वीस-वीस सेंटिमीटरवर रांगा धरून प्रत्येकाचं फक्त पुढचं टोक चिकटपट्टीनं छपरावर लावा. पांढऱ्या पत्र्यावर गडद रंगाचे धागे घ्या. मग मागून दुसऱ्या गाडीतल्या सोबत्याला, चालकाला नव्हे, चित्रीकरण करायला सांगा. धागे मागे सरळ, शांत पडून राहिले तर हवा पृष्ठभागाला धरून आहे. थरथरायला लागले तर ती सुटण्याच्या बेतात आहे. उलटे फिरून पुढे तोंड करून नाचायला लागले तर तिथे हवा सुटली, आणि ज्या रांगेपासून हे सुरू होतं तिथेच तुमचा उतार जास्त झालाय. मला या सगळ्या खटाटोपातला हा भाग सगळ्यात आवडतो. एरवी कधी न दिसणारी गोष्ट डोळ्यांसमोर चालू असते आणि त्यासाठी वाऱ्याचा बोगदा, म्हणजे पंख्यानं वारा सोडून गाड्या तपासायची जागा, भाड्यानं घ्यावा लागत नाही.

बाकीचे बदल चटकन सांगतो. टपावरचं रिकामं कॅरिअर उतरवा. पुढच्या बंपरखाली रबराची आडवी पट्टी लावली तर चेसिसच्या खडबडीत पोटाखाली कमी हवा शिरते, पण ती खड्ड्याला घासली तरी वाकून परत सरळ होणारी हवी. रेडिएटरसमोरच्या जाळीचा काही भाग झाकला तरी थोडी बचत होते, पण तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून. चढावर किंवा ओझं भरलेलं असताना जाळीवरचं झाकण काढाच. सायलेन्सर आणि त्याच्या पुढचा धूर साफ करणारा डबा यांच्याजवळ प्लास्टिक किंवा लाकूड अजिबात नको. आग लागते.

आणि बांधणी. ताशी १०० च्या वेगाला हवेचा दाब चौरस मीटरला सुमारे ४७ किलो वजनाइतका होतो. तिरक्या छपरावर तो वरच्या दिशेनं ओढतो, आणि शेजारून मोठा ट्रक गेला की एकदम झटका बसतो. नुसत्या चिकटपट्टीवर, दोरीवर भागवू नका. आरपार नट-बोल्ट, खाली रुंद वॉशर, आणि शिवाय एक वेगळा पट्टा. उडालेलं छप्पर मागच्या मोटारसायकलवाल्याच्या अंगावर जातं. मागचे दिवे, नंबरप्लेट झाकल्या जाऊ नयेत. गाडीच्या आकारात असा बदल चालतो का, हे बांधायला घेण्याआधी परिवहन खात्याकडे विचारा.

शेवटी मोजणी. हमरस्त्यावर विरोध दहा टक्के कमी झाला तर इंधन साधारण पाच टक्के वाचतं. एवढा फरक एका टाकीच्या हिशेबात दिसत नाही. वारा, ओझं, टायरमधली हवा, पंपावर टाकी किती भरली, यातच तो बुडतो. म्हणून वारा पडलेला दिवस बघा, सपाट रस्त्याचा एकच तुकडा ठरवा, इंजिन आणि टायर गरम झाल्यावर एकाच वेगानं जाऊन-येऊन दोन्ही दिशांनी मोजा. आधी छपराशिवाय, मग छपरासह, आणि मग छप्पर उतरवून पुन्हा एकदा. पहिला आणि तिसरा आकडा जुळला, तरच मधल्या आकड्यावर विश्वास ठेवा. नाही जुळला तर त्या दिवसाची मोजणी सोडून द्या आणि दुसऱ्या दिवशी परत घ्या.

नमस्कार.