खेळणी ढीगभर, तरी कुत्रा खेळत का नाही?

नमस्कार. माझ्या हातात ही एक जाड सुती दोरी आहे. तिच्या दोन्ही टोकांना गाठी आहेत आणि मधला भाग चावून चावून मऊ झाला आहे. ती मी आता जमिनीवर ठेवते. आमची चिंगी आली, तिने दोरीचा एकदा वास घेतला आणि ती पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसली. आता हीच दोरी मी जमिनीला लागून, थांबत थांबत, तिच्यापासून दूर ओढते. तिचे कान पुढे आले, पुढचे पाय ताणून छाती खाली गेली आणि मागचा भाग वर राहिला. कुत्र्यांच्या भाषेत हे खेळाचे आमंत्रण आहे. दोरी तीच आहे, पण आता तिच्या दुसऱ्या टोकाला मी आहे.

इतकी खेळणी आणली, तरी आमचा कुत्रा त्यांना तोंड लावत नाही, ही तक्रार मी अनेकांकडून ऐकते, आणि प्रत्येक वेळी मला त्या कुत्र्याची बाजू घ्यावीशी वाटते. हेरणे, दबा धरणे, पाठलाग करणे, पकडणे, झटके देणे आणि फाडणे ही शिकारीची साखळी त्याच्या रक्तात आहे आणि त्याचा बराचसा खेळ तिच्याच तुकड्यांतून बनतो. माणसाने कामाप्रमाणे जाती घडवताना या साखळीतल्या वेगवेगळ्या कड्या बळकट केल्या. म्हणून बॉर्डर कॉली नजर रोखून दबा धरण्यात रमतो, टेरियरला पकडलेली वस्तू गदागदा हलवण्यात सुख वाटते, तर रिट्रीव्हर ती तोंडात धरून तुमच्याकडे घेऊन येतो. तुमच्या कुत्र्याला यातले काय आवडते, ते आधी दोन-चार दिवस नीट पाहा आणि मगच खेळणे निवडा. शिवाय कोणतेही सावज शिकाऱ्याच्या तोंडावर चालून येत नाही, ते पळते. त्यामुळे खेळणे कुत्र्याच्या नाकापुढे नाचवण्यापेक्षा त्याच्यापासून दूर न्या, मध्येच थांबवा, खुर्चीच्या पायामागे लपवा.

रस्सीखेचीबद्दल एक भीती फार खोल रुजली आहे. कुत्र्याला जिंकू दिले तर तो डोक्यावर बसेल, असे सांगितले जाते. निकोला रूनी आणि जॉन ब्रॅडशॉ या प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासकांनी 14 गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांबरोबर हा खेळ खेळून पाहिला आणि 2002 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कुत्रा जिंको वा हरो, माणसावर वरचढ होण्याची लक्षणे वाढली नाहीत. उलट खेळानंतर कुत्रे माणसाच्या सूचनांकडे अधिक लक्ष देऊ लागले. मुळातच फार खेळकर असलेले कुत्रे मात्र जिंकल्यावर आणखी खेळण्यासाठी मागे लागले. तेव्हा आपल्या कुत्र्याला मोकळ्या मनाने जिंकू द्या. फक्त दोरी वर उचलू नका. ती त्याच्या मानेच्या पातळीवर, हळुवारपणे डावीकडे-उजवीकडे ओढा. साधारण 4 ते 6 महिन्यांच्या पिल्लाचे दात बदलत असतात, त्या काळात तर जोर लावूच नका.

दोरी सोडायला शिकवण्यासाठी ओरडावे लागत नाही. दोरी मांडीला टेकवून अगदी स्थिर धरा. हालचाल संपली की पकड सैल होते. त्याच क्षणी ‘सोड’ म्हणा आणि लगेच खेळ पुन्हा सुरू करा. सोडल्याने खेळ संपत नाही, हे एकदा उमगले की तो आनंदाने सोडतो.

खाऊ भरायच्या खेळण्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. जो मार्खम यांचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवत असे. 1970च्या दशकात त्याला एका मोटारीचा रबरी भाग चावताना पाहून त्यांना ‘काँग’ या पोकळ रबरी, खाऊ भरायच्या खेळण्याची कल्पना सुचली. असे खेळणे पहिल्यांदा देताना आतला खाऊ जरा हलवताच बाहेर पडेल इतका सैल भरा. कुत्रा ते सोडून तुमच्या तोंडाकडे पाहू लागला, तर कोडे अवघड झाले आहे. ते तिथल्या तिथे सोपे करा. हा खाऊ रोजच्या जेवणातूनच वजा करावा. पीनट बटर वापरणार असाल, तर त्यात झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ नाही ना, हे वेष्टनावर वाचा. त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते आणि यकृतही निकामी होऊ शकते.

लेझरचा ठिपका मी कधीच वापरत नाही, कारण पाठलागाच्या शेवटी दातांत काहीच सापडत नाही आणि काही कुत्रे पुढे सावल्यांमागेही धावू लागतात. चेंडू दाढांच्या मागे सरकणार नाही इतका मोठा हवा, अन्यथा तो घशात अडकून श्वास कोंडतो. दोरीचे धागे सुटू लागले की ती टाकून द्या. गिळलेला धागा आतड्यात गुंतला, तर शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.

आता चिंगीकडे पाहा. तिची जीभ रुंद होऊन बाहेर आली आहे आणि दोरीवरची पकड सैल पडली आहे. आखूड नाकाच्या कुत्र्यांत हा क्षण फार लवकर येतो, कारण त्यांना अंगातली उष्णता बाहेर टाकणे जड जाते. मी शेवटची एक फेरी तिला जिंकू देते, ‘सोड’ म्हणते, दोरी कपाटात ठेवते आणि तिच्यापुढे पाण्याचे भांडे सरकवते.