पायाखालची वाळू

श्रोतेहो, नमस्कार. छोट्याशा प्रवाळबेटावर कधी उतरलात, तर लगेच फोटोंच्या मागे लागू नका. आधी चपला काढा, खाली बसा आणि मूठभर वाळू तळहातावर घ्या. भर उन्हातही ती काळ्या वाळूइतकी पोळत नाही, कारण ती पांढरी आहे. आणि ती पांढरी का, यातच खरी गंमत आहे.

ही वाळू नदीनं डोंगरातून आणलेली नाही. इथं नदीच नाही, डोंगरही नाही. हा चुरा आहे प्रवाळाचा, शिंपल्यांचा आणि समुद्रातल्या सूक्ष्म जीवांच्या कवचांचा. त्यात मोठा वाटा पॅरटफिशचा. पोपटासारखी चोच असलेला हा मासा शेवाळासाठी प्रवाळाचा खडक कुरतडतो, घशातल्या दातांनी दळतो आणि न पचलेला चुरा मागून सोडून देतो. एकेक मोठा मासा वर्षाला शेकडो किलो वाळू करतो. म्हणजे आपण जिच्यावर मजेत लोळतो ती... असो, तुमच्या लक्षात आलंच असेल.

मालदीवची सुमारे १,२०० बेटं अशीच, बहुतेक पाण्यापासून जेमतेम एक-दीड मीटर वर. अशा बेटांची कंकणासारखी गोल कडी कशी तयार होते, याचा खुलासा डार्विननं १८४२ साली केला होता : ज्वालामुखीचं बेट हळूहळू समुद्रात बुडत जातं आणि त्याच्या कडेचं प्रवाळ उजेडासाठी वर वर वाढत राहतं. पुरावा मिळायला शंभराहून जास्त वर्षं लागली. १९५२ साली मार्शल बेटांमधल्या एनिवेटोकवर खोल छिद्र घेतलं, तेव्हा १,२०० मीटरहून अधिक चुनखडक संपल्यावर खाली ज्वालामुखीचा दगड लागला. म्हणजे एवढी जाडी निव्वळ प्रवाळासारख्या जीवांच्या सांगाड्यांची!

अशा बेटावर गोडं पाणी कुठून येतं? पावसाचं. ते वाळूत झिरपतं आणि हलकं असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकारात तरंगत राहतं. हिशेब साधारण असा, की हे पाणी समुद्रपातळीच्या वर १ मीटर असेल, तर खाली ४० मीटरपर्यंत असतं. पण वरची पातळी थोडी उतरली, की खालून खारं पाणी कितीतरी जास्त वर चढतं. अर्धा तास शॉवरखाली उभ्या असलेल्या पाहुण्याला हे कोणीतरी सांगायला हवं.

'अस्पर्शित किनारा' हा शब्द मला जरा फसवाच वाटतो. थायलंडचा माया बे बघा. एका हॉलिवूडपटामुळे तो जगभर गाजला, रोज हजारो माणसं उतरू लागली, नांगरांनी आणि पायांनी प्रवाळ मोडलं. २०१८ च्या जूनमध्ये तो बंद केला, तो २०२२ च्या जानेवारीत उघडला. मधल्या काळात काळ्या टोकाच्या परांचे शार्क उथळ पाण्यात परतले. तिथं खास जादू कोणी केली नाही. नवं प्रवाळ लावलं आणि माणसांना बाहेर ठेवलं, एवढंच. प्रशांत महासागरातल्या पलाऊ या चिमुकल्या देशानं तर २०२० पासून प्रवाळाला घातक रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर बंदी घातली आहे. अंगभर कपडे घालून पाण्यात उतरलं तर प्रश्नच मिटतो, पण फोटोत ते बरं दिसत नाही ना!

रात्री मात्र किनाऱ्यावर टॉर्च मिरवू नका. अंड्यातून निघालेली कासवाची पिल्लं उजळलेल्या क्षितिजाकडे, म्हणजे समुद्राकडे, धाव घेतात. मागे दिवा दिसला, तर उलटी वळतात.

आणि आवडलेला शंख खिशात घालण्याआधी तो पुन्हा वाळूवर ठेवून लांब बसा. शंखात राहणाऱ्या खेकड्यांना तो मापाचा वाटला, तर कधी कधी ते लहान-मोठे असे रांगेत उभे राहतात. सगळ्यात मोठा त्या शंखात शिरतो, त्याच्या सोडलेल्या शंखात दुसरा, दुसऱ्याच्या शंखात तिसरा. बघता बघता अख्खी रांग घर बदलते, आणि सगळ्यात शेवटी कोणालाच नको असलेला एक चिमुकला, फुटका शंख तेवढा वाळूत उरतो. तो हवा तर बघायला घ्या. नमस्कार.