रोबोकॉनची टीम आणि चहा पिणारे मेंटॉर

हा शेड बघा. वर्कशॉपच्या मागचा, पत्र्याचा. आधी इथे मोडके बेंच पडलेले असायचे, आता रोबोट पडलेला असतो, म्हणजे बऱ्याचदा पडलेलाच.

आम्ही सेकंड इयरला सात जण होतो, चार मेकॅनिकलचे, दोन ईएनटीसीचे (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमवाले) आणि एक कॉम्प्युटरवाला, ज्याला खरं तर लॅपटॉप चांगला आहे म्हणून घेतलेला. कॉलेजची रोबोकॉनमध्ये टीमच नव्हती. सिनियर नाहीत, जुनी मोटर नाही, कुणाला विचारायचं तेपण माहीत नाही.

रोबोकॉन ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. आशिया-पॅसिफिकमधल्या टीव्हीवाल्यांची एबीयू नावाची संघटना आहे, त्यांनी 2002 ला टोकियोत ही स्पर्धा सुरू केली, आपल्याकडे दूरदर्शन घेतं आणि इथे जिंकणारी टीम भारताकडून खेळायला जाते. मजा अशी की दरवर्षी यजमान देश थीम आपल्या घरातली देतो. 2008 ला पुण्यात फायनल झाली तेव्हा थीम होती दहीहंडी, रोबोटने मडक्यातलं लोणी काढायचं! 2014 ला परत पुण्यातच, आईबाप रोबोट आणि त्याचं लेकरू रोबोट, सीसॉ, झोका वगैरे. आणि 2022 ला दिल्लीत चक्क लगोरी. जे आपण शाळा सुटल्यावर गल्लीत खेळायचो त्याचंच जाडजूड रूलबुक.

तर पहिलं वर्ष. मेंटॉर म्हणून एक ओळखीचे सर मिळाले, हुशार माणूस, प्रश्नच नाही, पण सगळं स्वतःच करायचे, डिझाइन त्यांचं, सर्किट त्यांचं, कोडपण त्यांनीच रात्री लिहून पाठवलेला आणि आम्ही फक्त नट आवळायचो. आता रोबोकॉनमध्ये फील्डवर उतरायची परवानगी विद्यार्थ्यांनाच असते. सर बाहेर, रोबोट आत, आणि तो सुरूच होईना. आत उतरलेले आम्ही तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय, कारण कुठली वायर कशासाठी आहे हे माहीत असलेला एकमेव माणूस कठड्यापलीकडे उभा होता.

परत येताना ट्रेनमध्ये कुणी कुणाशी बोललं नाही, वडापावपण गपचूप खाल्ला.

दुसऱ्या वर्षी मेंटॉर शोधायची पद्धतच बदलली. म्हटलं, मोठं नाव नको, आपल्याला अडल्यावर शेडमध्ये येईल असा माणूस पाहिजे.

हे आमचे वर्कशॉपचे मामा. लेथवर आयुष्य गेलं. आमचा रोबोट सरळ जायच्याऐवजी कायम डावीकडे ओढायचा, चार रात्री आम्ही कोडमध्ये पीआयडीचे, म्हणजे रोबोटची चूक आपोआप सुधारणाऱ्या गणिताचे, आकडे बदलत बसलेलो. मामा आले, हातात चहा. वहीचा एक कागद फाडून प्रत्येक चाकाखाली सरकवून बघायला लावला. तीन चाकांखाली कागद अडकला, चौथ्याखालून आरपार गेला. "प्रोग्रॅम राहू दे बाळा, फ्रेम वाकलीय." बॉक्स पाइपला वेल्डिंग केलं की गरम होऊन ओढ बसते, हे पुस्तकात वाचलेलं, पेपरात लिहून मार्कपण घेतलेले. पण नंतरची फ्रेम ॲल्युमिनियमची, नट-बोल्टवाली झाली ती त्या कागदामुळे.

दुसरा मेंटॉर चाकणला नोकरी करणारा पास आऊट दादा. तो फक्त रविवारी व्हिडिओ कॉलवर, आणि उत्तर कधीच द्यायचा नाही, जाम राग यायचा. आमच्या रोबोटने फेकलेला बॉल सकाळी लांब जायचा आणि दहा-बारा थ्रो झाले की अलीकडेच पडायचा. आम्ही सांगितलं, मोटर खराब आहे, नवीन घेऊ. दादा म्हणाला, "प्रत्येक थ्रोच्या वेळी बॅटरीचा व्होल्टेज किती होता? लिहिलाय?" नव्हता लिहिला. मग वही केली. लायपोचा (रोबोटच्या लिथियम बॅटरीचा) एक सेल पूर्ण चार्ज असला की 4.2 व्होल्ट असतो, वापरत गेलो की खाली येतो, तशी बॉल फेकणाऱ्या चाकाची स्पीड कमी, बॉल जवळ. एन्कोडर (चाक किती फिरलं ते मोजणारा सेन्सर) लावून स्पीड धरून ठेवली आणि नव्या मोटरचे पैसे वाचले. (तीनच्या खाली सेल नेऊ नका, आमची एक बॅटरी पुरीसारखी फुगलीय, ती वेगळी गोष्ट.)

आणि तिसऱ्या मेंटॉर म्हणजे ईएनटीसीच्या मॅडम, ज्यांचा रोबोटला हातही लागला नाही. रात्री शेड उघडा ठेवायची परवानगी, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, तपकीर गल्लीतून आणलेल्या सामानाची बिलं पास करून घेणं, सब्मिशनची तारीख पुढे ढकलणं, हे सगळं त्यांनी केलं, आणि माझ्या मते त्याशिवाय टीम दिवाळीपर्यंतच टिकली असती.

आम्ही काय जिंकलो? काही नाही. पण एका मॅचमध्ये मधेच न्यूमॅटिकचा, म्हणजे दाबलेल्या हवेचा पाइप सुटला, आमच्यातल्या सगळ्यात ज्युनियर पोरीने रीट्राय (थांबून परत सुरू करायची संधी) मागितला, पाइप बसवला आणि रोबोट परत निघाला, अर्ध्या मिनिटाच्या आत. मॅडम प्रेक्षकांत उभ्या राहून ओरडत होत्या.

मामांना मी वळून बघितलं तर ते जागेवर नव्हते. चहा आणायला गेलेले.