रांगेतला देश: श्रीलंका, २०२२

हे कोलंबोचं गॉल फेस. समोर समुद्र, पाठीमागे राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय. एप्रिल २०२२मध्ये इथे तंबू उभे राहिले आणि तरुणांनी त्या वस्तीला नाव दिलं, 'गोटागोगामा'. सिंहलीत गामा म्हणजे गाव. राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांना 'घरी जा' म्हणणारं गाव.

लोक उगाच रस्त्यावर आले नव्हते. दिवसाला तेरा-तेरा तास वीज जात होती. गॅससाठी, रॉकेलसाठी रात्रभर रांगा. शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या, कारण प्रश्नपत्रिका छापायला कागद नव्हता आणि कागद मागवायला डॉलर नव्हते. २०१९च्या अखेरीस सरकारने व्हॅट, म्हणजे विक्रीवरचा कर, १५ टक्क्यांवरून ८वर आणला होता आणि तिजोरीत येणारा पैसा आटला होता. मग कोरोनात पर्यटन बसलं. २०२१मध्ये रासायनिक खतांवर एकाएकी बंदी आली आणि शेतीही कोलमडली.

अशा वेळी नंदलाल वीरसिंघे निवृत्तीनंतर ऑस्ट्रेलियातून परतले आणि मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर झाले. ८ एप्रिलला त्यांनी बँकांना कर्ज देण्याचा दर साडेसातवरून थेट साडेचौदा टक्के केला. चारच दिवसांनी सरकारने जाहीर केलं: परदेशी कर्जाची परतफेड थांबवत आहोत. स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच.

माझ्या मते देश सावरायला सुरुवात झाली ती याच कबुलीपासून. उरलेसुरले डॉलर सावकारांकडे जायचे थांबले. ते औषधं, गॅस, इंधन यांच्यासाठी राखता आले.

पण राज्य कोणाचं, हेच ठरत नव्हतं. ९ मे रोजी पंतप्रधान महिंदा राजपक्षे पायउतार झाले. राजकीय स्थैर्य आलं नाही तर मी पद सोडीन, असं वीरसिंघे यांनी त्याच आठवड्यात उघडपणे सांगितलं. सरकारच नसेल तर कर्जाबद्दल सावकारांशी वाटाघाटी करणार कोण? रनिल विक्रमसिंघे पंतप्रधान झाले. ९ जुलैला जमाव राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरला, गोटाबाया देश सोडून गेले आणि विक्रमसिंघे राष्ट्राध्यक्ष झाले. या सगळ्या धुमाळीत गव्हर्नर मात्र बदलले नाहीत.

पेट्रोल क्यूआर कोडवर, आठवड्याच्या ठरलेल्या कोट्याप्रमाणे मिळू लागलं. रांगा ओसरल्या. भारताने त्या वर्षी सुमारे ४ अब्ज डॉलरची मदत केली. मार्च २०२३मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने जवळपास ३ अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर केलं.

सप्टेंबर २०२२मध्ये महागाईचा दर ७० टक्क्यांच्या घरात होता. वर्षभरात तो दीड टक्क्याच्याही खाली आला. पण याचा अर्थ वस्तू स्वस्त झाल्या असा नाही. चढलेले भाव चढलेलेच राहिले, पगार मात्र तेवढे वाढले नाहीत.

विजेचे दर ऑगस्ट २०२२मध्ये सरासरी ७५ टक्क्यांनी वाढले, फेब्रुवारी २०२३मध्ये पुन्हा ६६ टक्क्यांनी. भारनियमन संपलं होतं. तरीही बिल थकलेल्या लाखो घरांत अंधारच होता, कारण त्यांची जोडणी तोडली गेली होती.