खोबणीएवढी माफी

मंडळी, माझ्यामागे पडद्यावर ठिपक्याठिपक्यांची जी मुलगी उभी आहे, तिचं नाव मॅडलिन. लाल केस, निळं जाकीट, आणि समोर एक डोंगर. खेळाचं नाव ‘सेलेस्ट’. आला जानेवारी २०१८मध्ये, पण दिसतो आमच्या लहानपणचा. मघाशी पुढच्या रांगेतल्या एका मुलाने विचारलं, “ताई, ग्राफिक्स इतके जुने का?” तिथूनच सुरुवात करते.

मी पंचवटीत वाढले. नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीत एकाच घरी टीव्ही गेम होता. मे महिन्यात दुपारी सगळी पोरं तिथे. कॅसेट काढायची, तोंडाला लावून फुंकर मारायची, पुन्हा खोचायची. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा १९८५चा खेळ, सगळा मिळून ४० किलोबाइटचा. आत्ता तुम्ही मोबाइलवर माझा जो फोटो काढलात, तो याच्या कितीतरी पट मोठा आहे. जागा इतकी कमी की ढगाचं आणि झुडपाचं चित्र एकच, फक्त रंग वेगळा. त्या मशीनला एका आडव्या रेषेत आठपेक्षा जास्त हलते तुकडे दाखवता येत नसत, म्हणून शत्रूंची गर्दी झाली की चित्रं लुकलुकायची. ते रूप हौसेने घेतलेलं नव्हतं, नाइलाजाने आलेलं होतं.

आणि तो खेळ कडक होता. तीन लाइफ, संपल्या की पुन्हा पहिल्या लेव्हलपासून. आम्ही नंबर लावून खेळायचो. एकदा आउट झालं की पुढचा नंबर यायला अर्धा तास. हा कडकपणा आला होता व्हिडिओ गेम पार्लरमधून. तिथलं मशीन नाण्यावर चालायचं; पोरगं जितक्या लवकर मरेल तितक्या लवकर पुढचं नाणं पडेल. घरच्या मशीनला नाणं लागत नव्हतं, तरी सवय तीच राहिली. शहरातल्या एका पार्लरमध्ये माझे खाऊचे पैसे दहा मिनिटांत संपले होते आणि मालकाने “चल, ऊठ” म्हणून हाताला धरून उठवलं होतं. तो हात मला अजून आठवतो.

आता नवी मंडळी जुन्या रूपाचे खेळ का करतात? २०१४चा ‘शॉवेल नाइट’ घ्या. करणाऱ्यांनी जुन्या मशीनचे मोजके रंग जवळजवळ तसेच ठेवले, लुकलुकणं मात्र काढून टाकलं. लाइफ मोजायची पद्धतही काढली. मेलात तर जमवलेल्या धनातला काही भाग थैल्या होऊन तिथेच तरंगत राहतो. परत जाऊन गोळा करा. रूप आठवणीतलं ठेवलं आणि त्यातला जाच तेवढा वेचून काढला. निवडक काम आहे हे, तांदूळ निवडावेत तसं.

पण मला मनापासून बोलायचंय ते ‘सेलेस्ट’बद्दल. याचं पहिलं रूप २०१५मध्ये दोघांनी चार दिवसांत केलं होतं. मॅडलिनला तीनच गोष्टी येतात: उडी मारणं, भिंत धरून चढणं आणि हवेत एकदा झेप घेणं. झेप वापरली की तिचे केस लालचे निळे होतात, पाय टेकले की पुन्हा लाल. पडद्याच्या कोपऱ्यात कसलं मीटर नाही; सगळा हिशोब तिच्या डोक्यावर. मला हे फार आवडतं.

आता नीट बघा, मी हिला कडेवरून पळवते. कड सुटली, पाय हवेत आहेत, आणि मी आत्ता उडीचं बटण दाबलं. मारली की नाही उडी? कड सुटल्यावरही साधारण दशांश सेकंद हा खेळ तुम्हाला जमिनीवरच धरतो. खेळ करणारे याला ‘कोयोटी टाइम’ म्हणतात, कार्टूनमधल्या त्या कड्याबाहेर पळत जाणाऱ्या कोल्ह्यासारख्या प्राण्यावरून. अजून एक. पाय टेकायच्या जरा आधीच बटण दाबलं, तर खेळ ते लक्षात ठेवतो आणि टेकताक्षणी उडी देतो. डोकं दगडाच्या कोपऱ्याला निसटतं लागलं, तर तिला थोडं बाजूला सरकवून वर जाऊ देतो. उडीच्या माथ्यावर बटण धरून ठेवलं, तर तिथे तिचं वजन क्षणभर निम्मं होतं, म्हणजे कुठे उतरायचं ते ठरवायला तुम्हाला जरा अवधी मिळतो.

यातलं काहीच खेळणाऱ्याच्या लक्षात येत नाही. त्याला वाटतं, आपलं जमलं. आणि जमलेलंच असतं.

तुमच्यापैकी बरेच जण हरिहर किल्ल्यावर गेला असाल. उभ्या कड्यात कोरलेल्या त्या पायऱ्या, आणि पायरीच्या कडेला बोटं अडकवायला खोबण्या. पहिल्यांदा चढताना माझे पाय लटपटत होते, आणि त्या खोबणीत बोटं गेली तेव्हा वाटलं, कुणीतरी माझ्याआधी इथे अशीच घाबरून उभी राहिली असणार. खोबणीने कडा कमी उभा झाला नाही. चढायला मलाच लागलं. तो दशांश सेकंद म्हणजे अशीच खोबण आहे. हा खेळ अवघड आहे, एकेका खोलीत मी पन्नास-साठ वेळा मेले आहे. पण मेल्यावर डोळ्याची पापणी लवायच्या आत त्याच खोलीच्या सुरुवातीला उभी. नंबर लावायचा नाही, आधीचं काही हिरावलं जात नाही. खेळात एके ठिकाणी तर पोस्टकार्ड येतं, त्यात लिहिलंय की किती वेळा मेलात त्याचा अभिमान बाळगा, तेवढं शिकताय.

कुणी विचारेल, ज्यांना तरीही जमत नाही त्यांचं काय? आपण लंगडीत, लपंडावात धाकट्या भावंडांना ‘कच्चा लिंबू’ करत होतो. तो पळायचा, लपायचा, पण त्याच्यावर राज्य येत नसे. ‘सेलेस्ट’मध्ये ‘असिस्ट मोड’ आहे, तो मला तसाच वाटतो. खेळाचा वेग निम्म्यापर्यंत कमी करता येतो, चढताना दम लागणार नाही असं करता येतं, मरणच बंद करता येतं. कुणी हिणवत नाही, गोष्ट शेवटपर्यंत तीच राहते.

माझी आई सत्तरीची आहे, संधिवाताने तिची बोटं आखडली आहेत. मागच्या पावसाळ्यात तिने हा खेळ सत्तर टक्के वेगाने सुरू केला. मध्ये एक प्रसंग येतो: रोपवेचा पाळणा डोंगरात अडकतो, मॅडलिनला श्वास घेता येईनासा होतो, आणि सोबतचा मुलगा तिला मनात एक पीस कल्पायला सांगतो. श्वासाबरोबर ते पीस वर-खाली तरंगत ठेवायचं असतं. आईने ते केलं आणि कंट्रोलर मांडीवर ठेवून बराच वेळ गप्प बसली. बाबांच्या आजारपणात रात्री दवाखान्याच्या बाकावर तिला असंच व्हायचं, हे तिने मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

ती आज इथे आहे, डावीकडे, पंख्याखाली. खेळात मेल्याचा तिचा आकडा आहे १,४१२, आणि तो तुम्हाला सांगायला तिनेच बजावलंय.

कंट्रोलर टेबलावर ठेवते. तिसऱ्या रांगेतल्या काकू, तुम्ही मघापासून हाताची बोटं हलवताय, या पुढे. हे बटण उडीचं, हे झेपेचं, हे धरायचं. केस लाल असतील तोवर भिंत सोडली तरी चालेल.