हलणारा दात आणि न आवरणारे हात

(पहिली ते तिसरीच्या पालकांसमोर एका बालदंतवैद्यांनी दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

शाळेने मला दिलेला विषय आहे 'मुलांच्या दातांची निगा'. पण मी ब्रश कसा धरायचा हे सांगायला लागले, तर निम्मे पालक मनातल्या मनात दुसराच प्रश्न घेऊन बसतील: आमच्याकडचा दात किती दिवस झाले नुसता हलतोय, पडत का नाही? तेव्हा आज त्या हट्टी दाताबद्दलच बोलू. ब्रश पुन्हा कधीतरी.

दुधाचे दात वीस. साधारण सहाव्या वर्षी खालचे मधले दोन हलायला लागतात आणि बाराव्या वर्षाच्या आसपास शेवटची दुधाची दाढ पडते. कुणाचं पाचव्या वर्षी सुरू होतं, कुणाचं सातव्या. शेजारच्या मुलीचे चार पडले आणि आपल्या मुलाचा एकही नाही, म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या आणायला धावू नका. मुलींचे दात बहुधा थोडे आधीच पडतात.

आता तो पडतो कसा? खालचा नवा दात जुन्याला ढकलून बाहेर काढतो, असं आपल्याला वाटतं. खरं तर नवा दात वर सरकू लागला की त्या जागी काही पेशी कामाला लागतात आणि दुधाच्या दाताचं मूळ हळूहळू विरघळवत नेतात. हे काम सलग होत नाही. मूळ थोडं झिजतं, मग मध्ये थांबतं, त्या काळात थोडी भरपाईसुद्धा होते. म्हणून गेल्या आठवड्यात डुगडुगणारा दात या आठवड्यात पुन्हा घट्ट झाल्यासारखा वाटतो. आई म्हणते, 'अगं, पक्का झाला की परत!' तो पक्का होत नसतो, त्याचं काम चालू असतं. शेवटी मूळ संपतं आणि दात नुसत्या हिरडीच्या धाग्यांवर लोंबतो. पडलेला दात उलटा करून पाहिलात तर खाली मूळ दिसतच नाही, खोलगट कडा दिसते. दात तुटला आणि मूळ आत राहिलं, असं समजून घाबरलेले पालक नेहमी भेटतात. तसं काही नसतं.

यातून एक गोष्ट उघड होते. मूळ शिल्लक असताना ओढलं तर दुखणार, रक्त जास्त येणार, कधी मुळाचा तुकडाही राहणार. मूळ संपल्यावर ओढायची गरजच उरत नाही, देठ सुटलेल्या आंब्यासारखा तो हातात येतो. मधल्या काळात दात हलवायचा कुणी? मुलाने. जिभेने, धुतलेल्या बोटाने, पुढे-मागे, जमेल तसा आणि जमेल तितका. कुठे थांबायचं हे त्याला कळतं, कारण दुखतं त्याला. आपल्याला ते कळत नाही. दोरा बांधून दाराला अडकवायचा प्रकार अजून चालतो. आजोबा हसत हसत सांगतात, 'आमचे असेच काढले.' मला तो मुळीच आवडत नाही. दात येतो हो, पण 'फक्त बघतो' म्हणणाऱ्या माणसावरचा मुलाचा विश्वास जातो. मग पुढे मी 'फक्त बघते' म्हटलं की ते मूल माझ्यासमोर तोंड मिटून बसतं.

दात अगदी आडवा झालाय, सगळ्या बाजूंना फिरतोय आणि मूल स्वतःच 'काढ ना' म्हणतंय, तर स्वच्छ कापडात धरून हलकासा पीळ द्या. नाही आला तर सोडून द्या.

खाण्याचं म्हणाल तर पेरूची फोड, मक्याचं कणीस, भाकरी, सगळं चालेल. चिक्की तेवढी नको. मला जास्त काळजी ब्रशची वाटते. दात हलतोय म्हणून मूल त्या बाजूला ब्रश लावत नाही, तिथे अन्न साचतं, हिरडी सुजते आणि मग 'दात दुखतोय' अशी तक्रार येते. बऱ्याचदा दुखत असते ती हिरडीच. मऊ ब्रश तिथेही फिरला पाहिजे.

आता तुमच्यातल्या अनेकांनी मला मोबाइलवर ज्याचे फोटो दाखवलेत, तो प्रकार. दातावर दात. खालचा दुधाचा दात जागेवर आणि त्याच्या मागे, जिभेच्या बाजूला, नवा उगवलेला. रात्री ब्रश करताना आईला दिसतो आणि घरभर गोंधळ होतो. खालच्या पटाशीच्या कायमच्या दातांची घडण मुळात दुधाच्या दातांच्या आतल्या बाजूलाच होत असते, त्यामुळे ते मागून डोकावणं अगदी नेहमीचं आहे. पुढचा दात हलत असेल तर थांबा. मुलाला सांगा, खुशाल हलव. तो पडला आणि जागा असली की जीभच नव्याला हळूहळू पुढे सरकवते, त्यासाठी तार लावावी लागत नाही. पण नवा दात निम्मा वर आलाय, महिने गेले आणि दुधाचा दात जराही हलत नाही, तर दाखवायला या. हिरडी बधिर करून तो काढणं हे काही मिनिटांचं काम असतं.

वरच्या दातांना मात्र मी एवढी सवलत देत नाही. वरचा नवा दात मागच्या बाजूने आला, तर तोंड मिटताना तो खालच्या दातांच्या मागे अडकतो आणि एकदा अडकला की आपणहून पुढे येत नाही. तिथे वाट पाहू नका.

आणखी काही वेळा थांबणं चुकीचं ठरतं. मूल पडलं, मार लागला आणि दात हलायला लागला, तर तो हलणारा दात नव्हे, ती इजा आहे. चौथ्या वर्षाच्या आत, मार न लागता, दात हलू लागला तर लगेच दाखवा, क्वचित त्यामागे हाडांचा एखादा आजार असतो. एका बाजूचा दात पडून सहा महिने झाले आणि दुसऱ्या बाजूचा जोडीदार ढिम्म, तर एक्स-रे हवा. ज्या दुधाच्या दाढेचं पूर्वी रूट कॅनाल झालंय ती कधीकधी वेळेवर झिजत नाही. काही दाढा हाडाला चिकटून बसतात, शेजारच्या वर वाढतात आणि ही खाली बुडाल्यासारखी दिसते.

आणि कधीकधी दाताचा हट्ट बरोबर असतो! काही मुलांमध्ये खाली कायमचा दात तयारच झालेला नसतो. हे बहुतेकदा वरच्या मधल्या दाताशेजारच्या दाताबाबत किंवा खालच्या दुसऱ्या उपदाढेबाबत दिसतं. तिथे दुधाचा दात मोठेपणापर्यंतही टिकू शकतो आणि तो टिकवायचाच असतो. म्हणून न हलणारा दात उपटण्याचा आग्रह डॉक्टरकडे धरू नका. आधी एक्स-रे.

याच वयात एक गडबड चुपचाप होते. सहाव्या वर्षी सगळ्या दुधाच्या दातांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून ती कुणाच्या लक्षात येत नाही. किडली तरी 'दुधाचीच आहे, पडेल' म्हणून सोडून देतात. ती पडणार नाही. ती आयुष्यभराची आहे.

दात पडला की कापसाचा स्वच्छ बोळा दहा-पंधरा मिनिटं दाताखाली दाबून धरायला सांगा. लाळेत मिसळल्यामुळे रक्त असतं त्यापेक्षा जास्त वाटतं. सारख्या चुळा भरायला लावू नका. दात गिळला तर घाबरू नका, पोटातून निघून जातो. मात्र गिळल्यासारखं वाटलं आणि ठसका थांबेना, श्वास लागला, तर थेट हॉस्पिटल.

पडलेल्या दाताचं काय करायचं? आपल्याकडे कौलावर फेकायचा, कुणी शेणाच्या गोळ्यात घालून फेकायचा. आता कौलं राहिली नाहीत, मुलं गच्चीवर जातात. अमेरिकेत सेंट लुइस शहरात मात्र लोकांनी हे दात गोळा केले. अणुचाचण्यांचा धुरळा गवतावाटे गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या अंगात जातो का, हे त्यांना पाहायचं होतं. या धुरळ्यातलं स्ट्रॉन्शियम-९० हे किरणोत्सारी द्रव्य शरीरात कॅल्शियमसारखंच वागतं, त्यामुळे ते दातात जाऊन बसतं. डॉ. लुईस राइस या बाईंच्या पुढाकाराने १९५८च्या अखेरीस सुरू झालेल्या या कामात १९७० पर्यंत तीन लाखांहून अधिक दात जमले. दात देणाऱ्या मुलाला छातीवर लावायला बिल्ला मिळायचा. चाचण्या वाढल्या तसं मुलांच्या दातांतलं स्ट्रॉन्शियमही वाढलेलं आढळलं. १९६३मध्ये हवेतल्या चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला, त्यामागच्या लोकमताला या दातांचाही हातभार होता. तुमच्या घरच्या डबीतला दात एवढं काही करणार नाही, पण मुलाला ठेवायचा असेल तर ठेवू द्या की.

(यानंतर प्रश्न झाले. त्यातले दोन.)

'सासूबाई म्हणतात, रिकाम्या जागेला जीभ लावली की नवा दात वाकडा येतो.' नाही हो. दात वाकडा येतो तो बहुतेकदा जबड्यात जागा कमी असल्यामुळे. पडलेल्या जागेत जीभ घातली नाही असं मूल मी अजून पाहिलेलं नाही. अंगठा चोखणं किंवा गिळताना दरवेळी जीभ दातांवर दाबणं, हा प्रश्न वेगळा. तो असेल तर सांगा.

'नवा दात पिवळा आला आणि कडा करवतीसारखी. कॅल्शियम कमी पडलं का?' कायमचा दात दुधाच्या दातापेक्षा पिवळसरच असतो. शेजारी पांढरे शुभ्र दुधाचे दात असल्यामुळे तो जास्त डोळ्यांत भरतो. कडेचे दाते चावण्याने आपोआप झिजतात. पांढरा करण्यासाठी मीठ, कोळसा, बेकिंग सोडा असलं काही चोळू नका. नव्या दाताचं आवरण अजून पुरतं कडक झालेलं नसतं, ते घासून गेलं तर परत येत नाही. फ्लोराइडची पेस्ट, वाटाण्याएवढी, सकाळी आणि रात्री. रात्रीचं ब्रशिंग मात्र तुमच्या देखत झालं पाहिजे, कारण या वयाची मुलं ब्रश ओला करून येतात आणि 'झालं' म्हणतात.