गजाली मारता मारता इंग्रजी

बसा बसा, मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. पत्रिकेवर विषय जरा भारदस्त छापलाय, "दैनंदिन इंग्रजी शब्दसंपदा" वगैरे, पण समोर बसलेत कोण तर होमस्टेवाले, जेटीवरचे बोटवाले, स्कूबाची पोरं, दोनचार जण मर्चंट नेव्हीत जायच्या तयारीतले, तेव्हा सरळ कामाचंच बोलूया.

आपल्याला इंग्रजी शब्द येत नाहीत हे आधी डोक्यातून काढा. बोटीवर इंजिन, प्रोपेलर, डिझेल, लाइफ जॅकेट, वायरलेस, घरात कुकर, मिक्सर, गीझर, इन्व्हर्टर. रूम बुक केली, ॲडव्हान्स घेतला, ट्रिप कॅन्सल झाली. दिवसभर हेच बोलतो की आपण. पण बघा, यातल्या बहुतेक सगळ्या वस्तू आहेत, आणि जिथे क्रिया आली तिथे आपण शेवटी "केली" लावून मोकळे. खरी दांडी उडते ती बारक्या शब्दांत. गेट, टेक, पुट, टर्न, आणि त्यांच्या मागे लागणारं इन, ऑन, ऑफ, अप, बॅक. शाळेत आपण "गेट म्हणजे मिळणे" पाठ केलं आणि मार्क घेतले, आणि जेटीवर उभं राहिल्यावर कळतं की छोट्या होडीत बसवताना "गेट इन" आणि उतरवताना "गेट आउट", मोठ्या लाँचला "गेट ऑन" आणि "गेट ऑफ", पाचच्या आत परत यायचंय तर "वी मस्ट गेट बॅक बाय फाइव्ह", आणि दुपारनंतर पाणी खवळतं तर "द सी गेट्स रफ आफ्टर लंच". यात मिळालं कोणाला काय? म्हणून सुटा शब्द वहीत लिहू नका, अख्खं वाक्य लिहा, जसं कानावर पडलं तसं.

आता कानाचं. महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याआधीच्या आमच्यासारख्यांची एबीसीडी पाचवीत सुरू झाली, पण दोन्हीकडे शिकलो ते डोळ्यांनीच, स्पेलिंग बघून. समोरचा माणूस काही स्पेलिंग बोलत नाही ना. तो "डिड यू ईट" असं तोडून तोडून विचारणारच नाही, तो म्हणणार "डिज्यू ईट". "गोइंग टू" चं "गोना" होतं, "वॉन्ट टू" चं "वॉना". पाहुणी बाई घाईत असली की "व्हॉट आर यू गोइंग टू डू" चं "वॉचा गोना डू" होऊन कानाजवळनं निघून जातं, आणि आपण समजतो की काहीतरी कठीण शब्द होता. कठीण काही नव्हतं, पाचवीतलेच शब्द होते. यावर माझा साधा उपाय असा की ऐकलेलं देवनागरीत लिहा. आपली लिपी आवाजाची आहे, "डिज्यू" लिहिता येतं, पुढच्या वेळी कान बरोबर पकडतो. स्पेलिंग नंतर बघा, किंवा नाय बघितलंत तरी पाहुण्यांचं काय अडत नाही.

किती शब्द लागतात, हे कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. न्यूझीलंडचे पॉल नेशन म्हणून भाषेचे अभ्यासक आहेत, त्यांनी २००६ मध्ये हिशोब मांडला, गो-वेंट-गॉन असं एक कुटुंब धरून. शंभरातले ९८ शब्द ओळखीचे निघायला हवे असतील तर बोलणं समजायला ६ ते ७ हजार कुटुंबं लागतात, आणि पुस्तक किंवा पेपर वाचायला ८ ते ९ हजार. आकडा ऐकून घाबरू नका, कारण त्याच हिशोबात पहिली हजार कुटुंबंच बोलण्याचा ८० टक्क्यांहून जास्त भाग व्यापतात. तीच पुन्हा पुन्हा येतात, आणि जास्त करून हीच ती गेट, टेक, पुट वाली बारकी मंडळी. डिक्शनरी पाठ करणाऱ्याचं मला कौतुक आहे पण त्याला जेवायला वाढता येईलच असं नाही.

वाढण्यावरनं आठवलं. पाहुण्याला सोलकढी अजून हवी का विचारलंत आणि तो हसून "आय'म गुड" म्हणाला, तर तो आपली तब्येत सांगत नाहीये, "पुरे, नको" म्हणतोय. वाटी भरू नका. तसंच "डू यू माइंड इफ आय सिट हिअर?" याला आपण आतिथ्याने "येस येस!" म्हणतो, आणि तो बिचारा उभाच राहतो, कारण माइंड म्हणजे तुमची हरकत आहे का असं तो विचारतोय. तिथे "नॉट ॲट ऑल" म्हणायचं, किंवा नुसतं "प्लीज" म्हणून खुर्ची ओढून द्यायची. आणि हे फक्त गोऱ्या लोकांचं नाही हां, बंगळुरूची, केरळची माणसंसुद्धा आपल्याशी इंग्रजीतच बोलतात, त्यांच्याशी गजाली मारा, तो पण क्लासच आहे, वर ते पैसे देऊन राहतात.

समजलं नाही तर मान डोलवू नका, ही आपली वाईट खोड. "सॉरी, व्हॉट वॉज दॅट?" एवढं म्हटलं की माणूस तेच दुसऱ्या शब्दांत सांगतो, म्हणजे एकाच्या भावात दोन वाक्यं. भाव सांगताना तर जपूनच. फिफ्टीन आणि फिफ्टी यात फरक आहे तो जोर कुठे द्यायचा याचा, फिफ्टीनला शेवट ओढायचा, फिफ्टीला सुरुवात, आणि वारा असला की दोन्ही सारखेच. जहाजावर याची सोय करून ठेवलीये. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये जहाजावरच्या बोलण्याची ठरलेली इंग्रजी वाक्यं मंजूर केली, त्यात आकडे सुटे सुटे बोलायचे असतात, १५० म्हणजे "वन फाइव्ह झीरो", आणि ऐकू आलं नाही तर "से अगेन". नेव्हीत जाणाऱ्या पोरांनो, तुम्हाला हे शिकावंच लागणार, पण बोटवाल्यांनीसुद्धा उचलायला हरकत नाही. "फिफ्टीन हंड्रेड, वन फाइव्ह डबल झीरो" म्हटलं की भांडण मिटलं.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, पाहुणेही तुरळक, तेव्हा काय करायचं? फोनवर दोन माणसांचं साधं बोलणं ऐका, बातम्या नको, भाषणं तर नकोच. थोडंच ऐका पण तेच परत दोन दिवसांनी, परत आठवड्याने. आणि मोठ्याने म्हणा, घरचे हसतात, हसू देत.

इकडून एक प्रश्न आलाय, युट्यूबवर बघून पोरगा अमेरिकन टाइप बोलतो, तसं बोलूचा काय? अजिबात नको. आपला हेल राहू दे. फक्त "आय ॲम आउट ऑफ स्टेशन" असलं आपलं भारतीय इंग्रजी बाहेरच्याला कळत नाही, तिथे "आय'म अवे" म्हणा, बस.

आणि काकी विचारतायत, बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ बघून पाहुणे विचारतात हे काय, तर इंग्रजीत काय सांगू? तिरफळच सांगा काकी. आणि पुढे जोडा "इट्स अ काइंड ऑफ पेपर, इट मेक्स युअर टंग टिंगल", म्हणजे जीभ चुणचुणते. हे "इट्स अ काइंड ऑफ" पक्कं करा, कोकम असो, आठळ्या असोत, शब्द नसला की यानेच काम निघतं, आणि मग समोरचाच म्हणेल "ओह, लाइक सिचुआन पेपर", झालं, नवा शब्द फुकटात घरी. आणि तो चावायच्या आत सांगा, "डोंट च्यू इट, लीव्ह इट ऑन द साइड".